डिपार्टमेंट ऑफ एज्युकेशन बंद झालं तर मुलांच्या शाळेत नक्की काय बदलतं? न्यू जर्सीहून टेक्सासला जातोय

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी, नवऱ्याच्या कंपनीने अख्खं ऑफिसच ह्यूस्टनला हलवलंय त्यामुळे या उन्हाळ्यात आम्ही न्यू जर्सी सोडून तिकडे जातोय, घर बहुतेक केटी नाहीतर शुगर लँडच्या बाजूला बघू. मोठी सातवीत आहे, तिचं फार टेन्शन नाही, ती कुठेही मैत्रिणी गोळा करते. धाकटा तिसरीत आहे आणि त्याला डिस्लेक्सिया आहे. इथे त्याचा आयईपी आहे, म्हणजे त्याच्या गरजेप्रमाणे शाळेने लिहून दिलेली शिक्षणाची योजना, वाचनासाठी वेगळी टीचर घेते, टेस्टला जादा वेळ मिळतो, गणितातले शब्दांचे प्रश्न कोणीतरी वाचून दाखवतं. हे सहजासहजी मिळालेलं नाही. शाळा आधी म्हणायची की घरी मराठी बोलता ना, मग दोन भाषांचा गोंधळ होतोय, थांबा, येईल वाचायला. मग आम्ही लेखी अर्ज दिला, चाइल्ड स्टडी टीमच्या मीटिंगा झाल्या, तेव्हा कुठे टेस्टिंग झालं.

आता बातम्या वाचून पोटात गोळा येतो. मार्च २०२५ मधे ट्रम्पने खातं बंद करायची ऑर्डर काढली, निम्मा स्टाफ घरी पाठवला, जुलैमधे सुप्रीम कोर्टाने पण तूर्तास चालू द्या म्हटलं, नोव्हेंबरमधे बरेच कार्यक्रम लेबर डिपार्टमेंटकडे चालवायला देतोय असं जाहीर झालं. आयईपी फेडरल कायद्याने मिळतो एवढं मला माहितेय. मग खातंच गेलं तर तो टिकतो का? टेक्सासवाले म्हणाले की आमच्याकडे हे बसत नाही, तर दाद कोणाकडे मागायची? आणि अभ्यासक्रम वेगळा म्हणजे किती वेगळा, मोठीचं गणित मागेपुढे होईल का?

नवरा म्हणतो शाळा ही स्टेटचीच गोष्ट आहे, वॉशिंग्टनमधे बसून उंटावरून शेळ्या कशाला हाकायच्या. मला ते पटत नाही पण मुद्देसूद उत्तरही देता येत नाही. तिकडे राहणाऱ्यांनी आणि शाळेत काम करणाऱ्यांनी जरा सांगा.

मधली_सुट्टी

ताई, मी टेक्सासमधे स्पेशल एज्युकेशनमधेच आहे, डिस्ट्रिक्ट (म्हणजे त्या भागातल्या शाळा चालवणारी स्थानिक संस्था) कुठलं ते सांगत नाही. आधी पोटातला गोळा थोडा कमी करते.

आयईपी ज्या कायद्यातून येतो तो १९७५ चा आहे, फोर्डच्या काळातला, १९९० पासून त्याला आयडिया म्हणतात. डिपार्टमेंट ऑफ एज्युकेशनचा कायदा कार्टरने १९७९ ला केला आणि खातं सुरू झालं १९८० मधे. म्हणजे कायदा खात्यापेक्षा वयाने मोठा आहे. खात्याची पाटी काढली म्हणून कायदा जात नाही, तो काँग्रेसच रद्द करू शकते, आणि खरं तर खातं कायमचं बंद करायलाही काँग्रेसच लागते, नुसत्या ऑर्डरने होत नाही. त्यामुळे तुमच्या मुलाचा हक्क कागदावर शाबूत आहे. प्रश्न अंमलबजावणीचा आहे, त्यावर पुढे बोलतील लोक.

आता कामाचं. शाळेचं वर्ष चालू असताना स्टेट बदललं तर नव्या डिस्ट्रिक्टला आधीच्या आयईपीशी मिळतीजुळती सर्व्हिस द्यावीच लागते, त्यांचं स्वतःचं टेस्टिंग आणि नवीन आयईपी होईपर्यंत. तुम्ही उन्हाळ्यात येताय, इथे जरा गडबड होते. शाळा सुरू होताना पात्र मुलाचा आयईपी तयार हवा असं कायदा म्हणतो, पण प्रत्यक्षात उन्हाळ्यात माणसं जागेवर नसतात आणि फाइल रजिस्ट्रारच्या टेबलावर पडून राहते. आणि टेक्सासच्या शाळा ऑगस्टच्या मध्यालाच उघडतात, तुमच्यासारखं सप्टेंबरमधे लेबर डेनंतर नाही, त्यामुळे तुम्हाला वाटतो तेवढा वेळ हातात नाहीये.

अजून एक, इथे आयईपीच्या मीटिंगला आर्ड म्हणतात. चाइल्ड स्टडी टीम म्हणालात तर समोरची बाई गोंधळेल. टेक्सासमधे डिस्लेक्सियाचा वेगळा कायदा १९८५ पासून आहे हे चांगलं, पण कित्येक वर्षं डिस्लेक्सियाच्या मुलांना आयईपी न देता नुसतं ५०४ प्लॅनवर ठेवायची पद्धत होती. ५०४ मधे जादा वेळ वगैरे सवलती मिळतात, पण आयईपीत जसं उद्दिष्ट लिहून त्याचा हिशोब द्यावा लागतो आणि पालकांना जेवढे हक्क असतात, तेवढं त्यात नाही. २०२३ च्या कायद्याने हे बदललं, आता डिस्लेक्सियाचा संशय असेल तर स्पेशल एज्युकेशनचंच पूर्ण टेस्टिंग करायचं. तरी जुन्या सवयी आहेत. कोणी गोड बोलून ५०४ वर आणू म्हणालं तर लगेच सही करू नका.

तर्रीपोहा

पंधरा-सोळा वर्षं झाली ह्यूस्टनमधे, मूळ नागपूरचा. ताई तुम्ही वॉशिंग्टनचं टेन्शन काहून घेता, ऑस्टिनचं घ्या न बाप्पा, टेक्सासची राजधानी ती.

तुम्हाला एक गोष्ट सांगतो, इथल्या जुन्या पालकांना विचाराल तर डोक्यात तिडीक जाईल त्यांच्या. २००४ मधे टेक्सास एज्युकेशन एजन्सीने, म्हणजे स्टेटच्या शिक्षण खात्याने, डिस्ट्रिक्टच्या तपासणीच्या फॉर्म्युल्यात एक आकडा घातला, साडेआठ टक्के. डिस्ट्रिक्टमधे स्पेशल एज्युकेशनची मुलं त्याहून जास्त दिसली की मार्क कमी. देशात तेव्हा साधारण १३ टक्के मुलं त्यात होती, टेक्सासमधे १२ च्या जवळपास होती. मग काय, डिस्ट्रिक्टवाल्यांनी बरोब्बर ओळखलं वरून काय पाहिजे ते. टेस्टिंग लांबवा, ५०४ वर ठेवा, आधी हा प्रोग्राम करून पाहा मग तो, आईबापाला चकरा मारायला लावा. दहा-अकरा वर्षांत राज्याचा आकडा खाली येत येत बरोबर साडेआठवर टेकला. पोट्टे काय अचानक बरे झाले का? पाचात एक असो नाहीतर दहात एक, डिस्लेक्सिया काय स्टेटची बॉर्डर पाहून होतो?

२०१६ मधे ह्यूस्टन क्रॉनिकलने हे सगळं छापलं, तेव्हा बोंबाबोंब झाली. २०१७ मधे विधानसभेने अशा मर्यादेवर बंदी घातली. आणि जानेवारी २०१८ मधे फेडरल खात्याने, हेच जे बंद करायचं चाललंय तेच, रिपोर्ट दिला की टेक्सासने कायदा मोडला, सुधारा. त्यासाठी त्यांची माणसं डिस्ट्रिक्टमधे येऊन पालकांना भेटून गेली होती. हे सगळं ट्रम्पच्याच पहिल्या टर्ममधे झालं हे पण सांगतो, नाहीतर लोक पार्टीवर जातात लगेच.

आता नंबर वाढलेत, टेस्टिंग जोरात चालतं, पण टेस्टिंग करणारी माणसं कमी पडतात त्यामुळे वेटिंग असतं.

आणि लोकल कंट्रोल म्हणाल तर जून २०२३ मधे स्टेटने अख्खं ह्यूस्टन आयएसडी, म्हणजे ह्यूस्टन शहराचं शाळांचं डिस्ट्रिक्ट, ताब्यात घेतलं. आम्ही मतं देऊन निवडलेलं बोर्ड बाजूला, स्टेटने नेमलेले मॅनेजर, स्टेटने नेमलेला सुपरिटेंडंट. कायदा २०१५ चा, एक शाळा सलग नापास झाली तरी अख्खं डिस्ट्रिक्ट घेता येतं. कित्येक शाळांमधल्या लायब्ऱ्या बंद करून तिथे वर्गातून बाहेर काढलेल्या पोट्ट्यांना बसवायची सोय केली. मार्क वाढले असं ते म्हणतात, रिपोर्टमधे वाढलेत पण, मी नाही म्हणत नाही. पण मला विचारलं कोणी? २०२५ मधे फोर्ट वर्थचंही तेच करायचं ठरलं. तुम्ही केटी किंवा फोर्ट बेंडमधे (शुगर लँडचं डिस्ट्रिक्ट) याल, ते ह्यूस्टन आयएसडीत येत नाहीत, त्यामुळे तुम्हाला याची झळ नाही.

सडेतोड_नाशिककर

इथे सगळे एकाच सुरात बोलतायत म्हणून दुसरी बाजू लिहितो, शिव्या घाला खुशाल.

अमेरिकेच्या घटनेत एज्युकेशन हा शब्दच नाही. जे केंद्राला दिलेलं नाही ते राज्यांकडे, ही दहावी घटनादुरुस्ती. केंद्राचा पैसा किती, शाळांच्या एकूण खर्चाच्या दहा टक्क्यांच्या आसपास, कोविडच्या मदतीमुळे मधे थोडा वाढला होता. उरलेला नव्वद टक्के स्टेट आणि लोकल मिळून घालतात. पण रुबाब बघा. नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड, २००२ ला बुशने सही केली. तिसरी ते आठवी दरवर्षी वाचन आणि गणिताची परीक्षा, आणि २०१४ पर्यंत देशातलं शंभर टक्के मूल प्रवीण झालंच पाहिजे. शंभर टक्के! हे लिहिणाऱ्याने कधी वर्गात खडू धरला असेल का? मग राज्यांनी काय केलं, कोणी पासिंगची रेषाच खाली आणली, कोणी सूट मागत बसलं, आणि शाळांनी चित्रकला, इतिहास, सुट्टी कापून परीक्षेची घोकंपट्टी केली. शेवटी २०१५ मधे ओबामाच्या काळात दोन्ही पक्षांनी मिळून तो कायदा बदलला आणि बराच अधिकार राज्यांना परत दिला.

त्याआधी २००९ चं रेस टू द टॉप. मंदीत राज्यांची तिजोरी रिकामी, तेव्हा ४३५ कोटी डॉलरचं बक्षीस दाखवलं, आमच्या पसंतीच्या सुधारणा करा आणि अर्ज करा. कॉमन कोअर, म्हणजे कुठल्या इयत्तेत काय यायला हवं याची सामाईक यादी, बनवलं राज्यांनी मिळून पण पसरलं याच गाजराने. नाक दाबलं की तोंड उघडतं. टेक्सासने शेवटपर्यंत घेतलं नाही, २०१३ मधे कायद्यानेच मनाई केली, आणि काही आकाश कोसळलं नाही.

उलट ज्या राज्यांनी स्वतःहून मनावर घेतलं तिथे काम झालं. मॅसेच्युसेट्सने १९९३ मधे आपला कायदा आपण केला, पैसा वाढवला, परीक्षा कडक केली, आणि वर्षानुवर्षं पहिल्या नंबरात आहे. मिसिसिपी! चेष्टेचा विषय होता शाळांच्या बाबतीत. २०१३ मधे त्यांनी कायदा केला, तिसरीच्या शेवटी वाचता आलं नाही तर चौथीत ढकलायचं नाही, शिक्षकांना अक्षर-ध्वनीच्या पद्धतीने शिकवायचं ट्रेनिंग, शाळांमधे वाचनाचे कोच. २०१३ ला चौथीच्या वाचनात जवळजवळ तळाला होतं, २०२४ ला देशाच्या सरासरीच्या वर. यात वॉशिंग्टनचं काय कर्तृत्व? पाटीपेन्सिल, तुमच्या मुलाला जी मदत खरोखर लागते ती हीच आहे, आणि ती एका गरीब राज्याने स्वतःच्या डोक्याने केली.

चष्मेबहाद्दर

नाशिककर, मिसिसिपीचा मुद्दा चांगला आहे, मला पण त्यांचं कौतुक आहे. पण ते सरासरीच्या वर गेले हे तुम्हाला कळलं कशावरून? नेपच्या परीक्षेवरून. ती फेडरल सरकार १९६९ पासून घेतंय आणि हीच एक परीक्षा आहे जी पन्नासही राज्यांना एकाच मापाने मोजते. राज्याची स्वतःची परीक्षा असली की काय होतं ते तुम्हीच वर लिहिलंत, रेषा खाली आणली. आता मार्च २०२५ च्या कपातीत खात्याच्या आकडेवारी ठेवणाऱ्या विभागात मूठभर माणसं उरली. मग पुढच्या मिसिसिपीचं नाव आपल्याला कोण सांगणार?

दुसरं म्हणजे राज्यांवर सोडलं होतं तेव्हा काय होतं ते पण लिहा ना. १९५४ ला ब्राउन खटल्यात सुप्रीम कोर्टाने काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. १९५७ मधे लिटल रॉकला नऊ काळी मुलं सेंट्रल हायस्कूलमधे जायला निघाली तर आर्कान्सॉच्या गव्हर्नरने नॅशनल गार्ड उभं केलं त्यांना अडवायला. शेवटी आयझेनहॉवरला १०१ वी एअरबोर्न पाठवायला लागली, सैनिकांच्या पहाऱ्यात पोरं वर्गात गेली. ते गव्हर्नर पण हेच म्हणत होते की शाळा ही राज्याची बाब.

अपंग मुलांचं तर विचारूच नका. १९७० मधे अशा पाच मुलांतल्या जेमतेम एकाला अमेरिकन शाळा शिकवत होत्या. कित्येक राज्यांत कायदेच होते की अमुक प्रकारचं मूल शाळेने घ्यायची गरज नाही. पेनसिल्व्हेनियातल्या पालकांनी कोर्टात जाऊन १९७२ मधे तडजोड मिळवली, त्यातून पुढे १९७५ चा कायदा आला. आणि १९८२ चा प्लायलर खटला, टेक्सासचाच, कागदपत्रं नसलेल्या मुलांना शाळेत घ्यायचं की नाही, पाच विरुद्ध चार मतांनी कोर्टाने सांगितलं की घ्यायचं.

मात्र एक गोष्ट केंद्रवाल्यांना खाली बघायला लावणारी आहे, ती पण सांगतो. १९७५ ला कायदा करताना काँग्रेस म्हणाली की एका मुलावर सरासरी जेवढा खर्च होतो त्याच्या ४० टक्क्यांपर्यंत आम्ही देऊ. आजवर एकदाही तिथपर्यंत पोचले नाहीत, १५ टक्क्यांच्याही खालीच घुटमळतायत. हक्क दिला वॉशिंग्टनने, बिल फाडलं डिस्ट्रिक्टच्या नावाने. शाळा आयईपी द्यायला टाळाटाळ करतात त्यामागे दुष्टपणा थोडा आणि हे बिल जास्त असतं.

सडेतोड_नाशिककर

लिटल रॉकचा मुद्दा मान्य आहे, पण ते काम कोर्टाने आणि सैन्याने केलं, तेव्हा हे खातं नव्हतंच. नागरी हक्क न्याय खात्याकडे द्या, विद्यार्थ्यांचं कर्ज ट्रेझरीकडे द्या. शाळेतलं जेवण आजही शेती खात्याकडेच आहे ना, १९४६ पासून, कोणाचं अडलं? वेगळं खातं कशाला पाहिजे हा माझा प्रश्न आहे.

मधली_सुट्टी

जेवणाचं उदाहरण सोपं आहे हो, ट्रे मोजायचे आणि पैसे पाठवायचे. आयईपीची तक्रार बघायला आयईपी म्हणजे काय हे माहीत असलेला माणूस लागतो.

मी राजकारणावर बोलत नाही सहसा, पण २०२५ शाळेतून कसं दिसलं ते सांगते. १ जुलैला जे फेडरल पैसे येतात त्यातले काही अचानक थांबवले, शिक्षकांच्या ट्रेनिंगचे, इंग्लिश शिकणाऱ्या मुलांचे, शाळेनंतरच्या कार्यक्रमांचे, देशभरात मिळून सहाशे-सातशे कोटी डॉलरच्या घरात. महिनाअखेर सोडले. पण इथे ऑगस्टला शाळा उघडते. ज्या मदतनीस बायकांचा पगार त्या पैशातून निघतो त्यांना जुलैभर कोणी सांगू शकत नव्हतं की तुम्ही या की नका येऊ. आमच्याकडची एक चांगली बाई तेवढ्यात दुसरीकडे लागली, अरबी आणि उर्दू दोन्ही येणारी, तशी परत मिळाली नाही.

मग ऑक्टोबरमधे शटडाउन चालू असताना वॉशिंग्टनमधे स्पेशल एज्युकेशन बघणाऱ्या ऑफिसातल्या जवळजवळ सगळ्यांना नारळ दिला. कोर्टाने थांबवलं, नंतर बजेटच्या तडजोडीत ती कपात मागे घेतली. यातून शाळेत दुसऱ्या दिवशी काही बदललं का? नाही. मुलं आली, टीचरने वाचून घेतलं. पण वर बघणारं कोणी नाही असं एकदा डिस्ट्रिक्टच्या लक्षात आलं की काय होतं ते तर्रीपोहांनी लिहिलंच आहे.

जुना_जर्सीकर

ताई, जर्सी सोडताय तर एक सांगतो, तुम्हाला जी चांगली शाळा वाटते ती प्रॉपर्टी टॅक्समधून आलेली आहे, तो बिलाचा कागद आठवा. जर्सीत सहाशेच्या आसपास डिस्ट्रिक्ट, गावागणिक बोर्ड, गावागणिक सुपरिटेंडंट. हवाईत अख्ख्या राज्याचं मिळून एकच डिस्ट्रिक्ट आहे, हा पण याच देशातला प्रकार.

श्रीमंत गाव-गरीब गाव हा झगडा केंद्राने कधीच सोडवला नाही. १९७३ मधे सॅन अँटोनियोच्या गरीब वस्तीतल्या पालकांनी प्रयत्न केला होता, सुप्रीम कोर्ट ५-४ ने म्हणालं की शिक्षण हा फेडरल घटनेतला मूलभूत हक्क नाही, राज्यात बघा. मग लोक राज्याच्या कोर्टात गेले. जर्सीत अ‍ॅबट खटला, १९८५ पासून निकालावर निकाल, त्यातून नेवार्क, कॅम्डेन, पॅटर्सनसारख्या शहरांना स्टेटने पैसा द्यायचा असं ठरलं. टेक्सासमधे १९८९ चा निकाल, त्यातून १९९३ ला रॉबिन हूड आलं, श्रीमंत डिस्ट्रिक्टकडून घेऊन स्टेटच्या पोतडीत. ऑस्टिन आयएसडी सगळ्यात जास्त भरतं आणि स्वतःचं बजेट तुटीत. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना. त्यामुळे टेक्सासमधे इन्कम टॅक्स नाही म्हणून फार हरखून जाऊ नका, घर घेताना टॅक्स रेट बघा.

आणि हो, स्टेटने डिस्ट्रिक्ट ताब्यात घ्यायचा उद्योग पहिल्यांदा आपल्या जर्सीनेच केला, १९८९ ला जर्सी सिटी, मग पॅटर्सन, मग १९९५ ला नेवार्क. नेवार्कला आपलं बोर्ड परत मिळायला २०१८ उजाडलं. त्यामुळे टेक्सासच्याच नावाने बोटं मोडायला नको.

पिंपळपान_पुणे

इथून वाचतोय. आपल्याकडे उलटा प्रवास झाला. शिक्षण राज्यांच्या यादीत होतं, आणीबाणीत १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने समवर्ती यादीत गेलं. आता समग्र शिक्षाचे पैसे केंद्र ६० राज्य ४०. तमिळनाडूने केंद्राच्या पीएम श्री योजनेवर सही केली नाही तर २०२४-२५ चे समग्रचे दोन हजार कोटींच्या वर अडकले, त्यांना सुप्रीम कोर्टात जावं लागलं. तिकडे दहा टक्के देऊन एवढी ओढाताण, तर इथे साठ टक्क्यांत काय होईल बघा. आणि पहिलीपासून हिंदीचा जीआर, एप्रिल २०२५ ला आला आणि जून संपायच्या आत मागे घेतला, तो तर राज्य सरकारनेच काढला होता, दिल्लीच्या कागदावर बोट ठेवून.

तर्रीपोहा

पिंपळपान, हिंदीवर आलात आता हा धागा दोनशेवर जाते बघा. वेगळा काढा न बाप्पा.

पाटीपेन्सिल

सगळ्यांचे आभार, इतकं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. नवऱ्याला चष्मेबहाद्दर आणि नाशिककर दोघांचं वाचायला दिलं, तो म्हणाला बघ नाशिककर बरोबर बोलतोय, आणि साडेआठ टक्केवालं वाचून गप्प बसला.

माझे दोन प्रश्न राहिले. मोठीच्या अभ्यासाचं कोणी सांगितलं नाही. आणि उद्या टेक्सासमधे अडलं तर नक्की कोणाचं दार वाजवायचं? आता नागरी हक्कांची ऑफिसं पण बंद केली म्हणतात.

चष्मेबहाद्दर

बारापैकी सात रीजनल ऑफिसं मार्च २०२५ मधे बंद झाली, त्यात डॅलसचं पण होतं, जे टेक्सास बघायचं. म्हणून पहिलं दार आता स्टेटचंच. आयईपी पाळला नाही तर टेक्सास एज्युकेशन एजन्सीकडे लेखी तक्रार करता येते, त्यांना ६० दिवसांत चौकशी करून निर्णय द्यावा लागतो. दुसरं मीडिएशन, फुकट असतं. तिसरं ड्यू प्रोसेस हिअरिंग, तिथे वकील लागतोच म्हणा. आणि त्याच्यापुढे फेडरल कोर्ट, ते कुठलंही खातं बंद झालं तरी जाग्यावर आहे. गंमत बघा, हे सगळे मार्ग फेडरल कायद्याने सांगितलेत आणि चालवतं स्टेट.

मोठीचं: टेक्सासचा अभ्यासक्रम म्हणजे टेक्स, तो पंधरा निवडून आलेल्या माणसांचं स्टेट बोर्ड ठरवतं. फेडरल खात्याला अभ्यासक्रमाला हात लावायची कायद्यानेच मनाई आहे, आधीही होती, त्यामुळे खातं राहो नाहीतर जावो, पुस्तकात काय येणार ते ऑस्टिनमधेच ठरतं. जर्सीने २०२२ मधे आशियाई अमेरिकन लोकांचा इतिहास शिकवणं सक्तीचं केलं, इलिनॉयनंतर दुसरंच राज्य, तसं टेक्सासमधे काही नाही. त्याऐवजी सातवीत वर्षभर टेक्सासचा इतिहास असतो, तुमची मोठी आठवीत येईल म्हणजे तो हुकला, अलामोपासून वाचली. आठवीत सोशल स्टडीजची स्टार परीक्षा (टेक्सासची स्टेटची परीक्षा) आहे, ती बहुतेक नवीन वाटेल. स्टार पण २०२७-२८ पासून बदलून वर्षातून तीन छोट्या परीक्षा येणार आहेत.

मधली_सुट्टी

मोठीचं गणित: आठवीत अल्जेब्रा वन घेतलं तर ते हायस्कूलचं क्रेडिट धरतात, आणि त्याची एंड ऑफ कोर्स परीक्षा ग्रॅज्युएशनला लागते. जर्सीत ती यंदा सातवीत पुढच्या गटात असेल तर तसं लेखी घेऊन या, नाहीतर इथे साध्या आठवीच्या गणितात बसवतील आणि मग वर्ष गेलं. हायस्कूलमधे पहिल्या ठरावीक टक्क्यांना स्टेटच्या युनिव्हर्सिटीत आपोआप ॲडमिशन हा टेक्सासचा कायदा आहे, १९९७ चा, यूटी ऑस्टिनला ते आता पाच टक्क्यांवर आलंय. त्यामुळे केटी-शुगर लँडमधले आपले पालक आठवीच्या अल्जेब्रावरून सुद्धा कसे भांडतात ते बघालच.

दिवाळीची सुट्टी मात्र डिस्ट्रिक्टच्या बोर्डाच्या हातात, ना ऑस्टिन ना वॉशिंग्टन. घर फायनल करायच्या आधी कॅलेंडर बघा.

धाकट्याचं: जर्सीची शाळा जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत चालू असते, त्याच्या आत चाललेला आयईपी, टेस्टिंगचा पूर्ण रिपोर्ट नुसता सारांश नाही, प्रोग्रेस रिपोर्ट आणि लसींचा कागद हे सगळं स्वतःच्या हाताने घ्या. शाळा शाळेला पाठवेल यावर विसंबू नका. भाडेकरार झाला की त्याच दिवशी ऑनलाइन रजिस्ट्रेशन करा, फॉर्ममधे स्पेशल एज्युकेशनच्या प्रश्नाला हो करा, आणि कॅम्पसच्या ऑफिसला नाही तर डिस्ट्रिक्टच्या स्पेशल एज्युकेशन ऑफिसला ईमेल टाका, कारण जुलैमधे कॅम्पसला कुलूप असतं. ईमेलमधे एवढंच लिहा की मुलगा चालू आयईपीसह दुसऱ्या स्टेटमधून येतोय, शाळेच्या पहिल्या दिवसापासून सर्व्हिस हवी आहे आणि आर्ड मीटिंगची तारीख कळवा. फोन करू नका, केलात तर नंतर काय बोलणं झालं ते ईमेलवर टाका. व्यनि करा, माझ्याकडे मसुदा आहे, इंग्लिशमधे, नाव बदललं की झालं.